‘किता नो कुनि कारा’ : अपूर्ण वाक्यांचे सौजन्य

दूरचित्रवाणीवरील नाट्यमालिका हा विद्यापीठीय समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही अभ्यासकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ह्या शंकेला तात्त्विक उत्तर देण्यापेक्षा एका विशिष्ट कृतीची तपासणी करणे अधिक उपयुक्त ठरेल. कुरामोतो सो ह्या जपानी नाटककाराने लिहिलेली ‘किता नो कुनि कारा’ ही मालिका फूजी दूरचित्रवाणीवर ९ ऑक्टोबर १९८१ पासून २६ मार्च १९८२ पर्यंत, २४ भागांत प्रक्षेपित झाली. त्यानंतर १९८३ पासून २००२ पर्यंत तिचे आठ दीर्घ विशेष भाग निघाले. पात्रे तीच, नट तेच. प्रारंभी शाळकरी असलेली मुले प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वाढून प्रौढ झाली. शहर सोडून खेड्यात नव्याने संसार मांडण्याची ही कथा ‘सौम्य’ म्हणून ओळखली जाते. हा सौम्यपणा नेमका कशात आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो बर्फाच्छादित डोंगरांच्या चित्रणात आहे, असे सर्वसामान्य मत आढळते. माझ्या मते तो मुख्यतः व्याकरणात आहे. आणि ह्या कृतीचे मोठेपण व तिची मर्यादा ही दोन्ही त्या एकाच ठिकाणी सापडतात.

प्रथम शीर्षकच घेऊ. ‘किता’ म्हणजे उत्तर, ‘कुनि’ म्हणजे देश किंवा प्रदेश, ‘नो’ हा संबंधदर्शक प्रत्यय आणि ‘कारा’ हा आपल्या पंचमीसारखा अपादानदर्शक प्रत्यय. ‘उत्तरेच्या प्रदेशाहून’ असा त्याचा सरळ अर्थ. ह्या शीर्षकात क्रियापद नाही, हे ध्यानात घ्यावे. प्रदेशाहून कोण येते, काय येते, कोणाकडे येते, ह्याचा उलगडा ते करीत नाही. पत्राच्या माथ्यावर गावाचे नाव घालावे, तसे हे शीर्षक आहे. आणि वस्तुतः मालिकेचे निवेदन पत्ररूपच आहे. सादा मासाशी ह्यांनी रचलेल्या मुख्य सुरावटीतही शब्द नाहीत. केवळ मानवी स्वराचा आलाप आहे. म्हणजे क्रियापदाविना शीर्षक आणि शब्दांविना गीत, अशा दोन अपूर्ण गोष्टींनी प्रत्येक भागाचा आरंभ होतो.

कथानक थोडक्यात असे. कुरोइता गोरो हा होक्काइदो बेटावरील फुरानोनजीकच्या रोकुगो गावचा. तरुणपणी तो टोकियोस गेला, तेथे त्याने लग्न केले, दोन मुले झाली. पुढे पत्नी रेइको हिचे दुसऱ्या पुरुषाशी संबंध जुळले. तेव्हा गोरो चौथीत शिकणारा मुलगा जुन आणि दुसरीत शिकणारी मुलगी होतारु ह्यांना घेऊन गावी परततो आणि एका मोडकळीस आलेल्या घरात बिऱ्हाड करतो. तेथे वीज नाही, नळ नाही. हिवाळ्यात तापमान शून्याखाली वीस अंशांच्याही पलीकडे उतरते. गोरोची भूमिका तानाका कुनिए (१९३२–२०२१) ह्यांनी, तर मुलांच्या भूमिका योशिओका हिदेताका आणि नाकाजिमा तोमोको ह्यांनी केल्या. लेखक कुरामोतो हे स्वतः टोकियोचे. १९७७ मध्ये ते फुरानोस येऊन स्थायिक झाले आणि १९८४ मध्ये त्यांनी तेथे नटांसाठी व पटकथालेखकांसाठी ‘फुरानो जुकु’ ही शिक्षणसंस्था काढली, जी २०१० पर्यंत चालली. गोरोचे परत येणे आणि कुरामोतोंचे नव्याने येणे ह्यांतील फरक मात्र विसरता कामा नये. त्याकडे पुढे वळू.

आता निवेदन. निवेदक आहे जुन, आणि तो टोकियोत मागे राहिलेल्या केइको नावाच्या मैत्रिणीला उद्देशून मनातल्या मनात पत्रे लिहितो. पत्राचा मायना औपचारिक, प्रौढांच्या पत्रव्यवहारातला. लिहिणारा मात्र दहा वर्षांचा. ह्या विसंगतीतून विनोद निर्माण होतो, हे कोणासही दिसेल. परंतु अधिक महत्त्वाची आहे ती वाक्यान्तांची घडण. जुनची वाक्ये पुनःपुन्हा ‘वाके दे’ ह्या प्रयोगावर येऊन थांबतात. ‘वाके’ म्हणजे कारण किंवा स्थिती. ‘दे’ हे अस्तित्ववाचक सहायकाचे अनुबंधी रूप. मराठीत ‘अशी परिस्थिती असून’ असे म्हणून बोलणाऱ्याने तेथेच थांबावे, तसा हा प्रकार. मराठीप्रमाणे जपानीतही क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते, त्यामुळे ‘असून’च्या पुढे काहीतरी यावयास हवे हे श्रोत्याला जाणवते, पण ते येत नाही. जुनची दुसरी लकब ‘तो ओमोवारे’ ही. येथे विचार करण्याचा धातू स्वयंभाववाचक रूपात वापरला आहे. ‘मी समजतो’ असे न म्हणता ‘मला वाटते’ असे आपण म्हणतो, तेव्हा कर्ता जसा चतुर्थीत जाऊन नम्र होतो, तशीच गोष्ट. आणि हेही रूप अनुबंधीच ठेवलेले, म्हणजे पुन्हा अपूर्ण. ह्या लकबीची जपानात पुढे पुष्कळ नक्कल झाली, इतकी ती लोकांच्या कानांत बसली.

ह्या अपूर्णतेचे प्रयोजन काय? मुलाच्या मनाचा गोंधळ, एवढे उत्तर पुरेसे नाही. जुनला पडलेला प्रश्न हा दोषनिर्णयाचा आहे : संसार मोडला तो कोणामुळे, आईमुळे की बापामुळे? पूर्ण क्रियापद म्हणजे निर्णय. वाक्य अनुबंधी रूपावर सोडले की निर्णय पुढे ढकलला जातो. घडले ते सांगितले जाते, पण त्यावर शिक्का बसत नाही. येथे कथेची रचना भाषेच्या रचनेशी फार सूक्ष्म रीतीने जुळलेली आहे. रेइकोच्या संबंधांचा प्रकार गोरोने प्रत्यक्ष पाहिला, तेव्हा त्याच्याबरोबर धाकटी होतारु होती, जुन नव्हता. म्हणजे जिला ठाऊक आहे ती बोलत नाही, आणि जो बोलतो त्याला ठाऊक नाही. निवेदनाचा अधिकार अजाण साक्षीदाराकडे देऊन नाटककाराने आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करण्याचे टाळले आहे. इशिदा आयुमी ह्यांनी साकारलेली रेइको कोठेही खलनायिका होत नाही, ह्याचे श्रेय अभिनयाइतकेच ह्या व्याकरणालाही आहे.

होतारुचे मौन वेगळ्या मार्गाने व्यक्त होते. रानातल्या कोल्ह्याला ती बोलावते, ते ‘रू-रु-रु-रु’ अशा ध्वनीने. हा शब्द नव्हे. त्याला अर्थ नाही, केवळ आवाहन आहे. भाषेच्या प्राथमिक कार्यांपैकी एक, संपर्क साधणे, हे येथे अर्थापासून पूर्णपणे सुटे करून दाखविले आहे. पुढे तो कोल्हा सापळ्यात सापडून एक पाय गमावतो आणि तरीही परत येतो. भावविवशतेला येथे पुरेपूर वाव होता. तथापि प्रसंगाचा भार एका निरर्थक ध्वनीवर सोपविल्यामुळे तो ओथंबत नाही.

गोरोच्या बोलण्याकडे पाहू. पहिल्याच भागात घरात वीज नाही हे कळल्यावर जुन हादरतो आणि रात्र झाल्यावर काय करायचे असे बापाला विचारतो. रात्र झाली की झोपायचे, असे गोरो सांगतो. हा संवाद जपानात सर्वतोमुखी झाला. परंतु भाषांतरात जे हरवते ते असे की, गोरोचे उत्तर आदरवाचक क्रियान्तात आहे. बापाने दहा वर्षांच्या मुलाशी साधे क्रियान्त वापरावेत, हा जपानी घरातला रूढ व्यवहार. मराठीत बापाने मुलाला एकाएकी ‘अहोजाहो’ करावे, तितके ते खटकत नाही. तरी एक अंतर तेथे निश्चित उघडे पडते. जो बाप टोकियोत घरकामापासून व मुलांपासून दूरच राहिला, त्याला मुलांशी कोणत्या पातळीवरून बोलावे हेच माहीत नाही. हे सौजन्य मायेतून आले की संकोचातून, हे तो क्रियान्त सांगत नाही. नव्याने संसार मांडणे म्हणजे केवळ घर शाकारणे आणि ओढ्याचे पाणी नळाने आणणे नव्हे. आपापसांत बोलण्याची रीत नव्याने घालणे, हा त्यातला अधिक कठीण भाग होय.

येथे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट विशेष वाटेल. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने १९५० च्या दशकाच्या अखेरीस होक्काइदोतील वसाहतवाल्यांच्या तीन पिढ्यांच्या बोलीचा अभ्यास केला व त्याचा वृत्तान्त १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. फुरानो हे त्या संशोधनाचे एक क्षेत्र होते, आणि १९८० च्या दशकात संशोधक तेथे पुन्हा गेले. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या पहिल्या पिढीच्या भिन्न बोली तिसऱ्या पिढीत सामान्य भाषेच्या जवळ येतात, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. म्हणजे ज्या परिसराला ही मालिका ‘गाव’ म्हणून, मूळ म्हणून दाखविते, तेथील भाषा स्वतःच अलीकडची, मिश्रणातून घडलेली आहे. कडाक्याने गोठणे ह्या अर्थाचा ‘शिबारेरु’ यासारखा शब्द टोकियोच्या मुलांना परका. पण ज्यांना तो आपला वाटतो, त्यांचे आजेपणजेही बाहेरूनच आले होते. ‘परतणे’ ह्या शब्दाखाली येथे वास्तविक ‘येणे’ दडलेले आहे.

आणि येथेच ह्या कृतीची मर्यादा स्पष्ट होते. १८६९ मध्ये मेइजी शासनाने बेटाचे नाव होक्काइदो ठेवले आणि योजनापूर्वक वसाहत आरंभिली. ती भूमी निर्जन नव्हती. तेथे ऐनू लोक राहत होते. १८९९ च्या कायद्याने त्यांना ‘पूर्वीचे आदिवासी’ ठरवून शेतीकडे व जपानी भाषेकडे वळविण्यात आले. तो कायदा १९९७ मध्ये रद्द झाला आणि देशाच्या मूळ रहिवाशांचा दर्जा ऐनूंना कायद्याने मिळाला तो २०१९ मध्ये. फुरानो हे नावच ऐनू भाषेतून आलेले असून, गंधकमिश्रित पाण्याच्या वासाशी त्याचा संबंध लावला जातो. मालिकेच्या केंद्रस्थानी मात्र ऐनू कोठेही नाहीत. ‘उत्तरेच्या प्रदेशाहून’ असे म्हणताना तो प्रदेश कोणाचा, हा प्रश्न शीर्षकातील गाळलेल्या क्रियापदाबरोबर गळून गेला आहे. दोषनिर्णय टाळणारी अपूर्ण वाक्यरचना कुटुंबाच्या बाबतीत करुणा ठरते. इतिहासाच्या बाबतीत तीच सोयीचे मौन ठरते. रसग्रहणात ही दुसरी बाजू वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तथापि ‘ग्रामजीवनाचे गोड चित्र’ असा जो दुसरा आक्षेप घेतला जातो, तो टिकत नाही. वृद्ध शेतकरी कितामुरा सेइकिची, गाव सोडून जाणाऱ्यांकडे हरून पळालेले म्हणून पाहतो. त्याच्या कठोरपणात खेड्याची एकाकी हताशा आहे. कासामात्सु हा दुसरा वृद्ध, आयुष्यभर सोबत राबलेला घोडा विकतो आणि त्यानंतर थोड्याच अवधीत मरण पावतो. गोरोने कष्टाने बांधलेले लाकडी ओंडक्यांचे घर १९८४ च्या विशेष भागात जळून जाते, आणि आगीला कारण मुलांचाच निष्काळजीपणा असतो. पुढे तो दगडगोट्यांचे घर बांधतो. २००२ पर्यंत टाकाऊ वस्तूंचे घर उभे राहते. आरंभ एकदाच होत नाही, तो पुनःपुन्हा करावा लागतो, हे घरांच्या ह्या मालिकेतून दिसते. मूळ मालिकेच्या अखेरीकडे रेइकोचा मृत्यू होतो. अन्त्यविधीसाठी टोकियोस आलेल्या मुलांना नवे बूट घेतले जातात आणि गोरोने घेतलेले जुने बूट फेकले जातात. दोघे भावंडे रात्री ते शोधण्यास जातात. गरिबीचे कौतुक येथे नाही. फेकून दिलेल्या वस्तूत बापाचा मान गुंतला आहे, हे त्यांना उशिरा कळते, एवढेच.

मालिकेचा शेवटचा भाग २००२ च्या सप्टेंबरात प्रक्षेपित झाला. त्याचे नाव ‘युइगोन’, म्हणजे मृत्युपत्र. वृद्ध गोरो एका शिक्षकाकडून मृत्युपत्र लिहिण्याचे धडे घेतो. जी कथा मुलाच्या पत्रांनी सुरू झाली, ती बापाच्या पत्राने संपते, ही रचना आकस्मिक मानता येणार नाही. मुलाची पत्रे दूरच्या मैत्रिणीस होती, घरातल्या माणसास नव्हती; घरातल्याघरात बोलणे शक्य नव्हते म्हणूनच ती लिहावी लागली. एकवीस वर्षांनी बाप जे लिहितो ते मुलांसाठी आहे. मृत्युपत्र हा असा लेखनप्रकार आहे की ज्यात वाक्य पूर्ण करावेच लागते : अमुक अमक्यास द्यावे. गोरोजवळ देण्यासारखी मालमत्ता जवळजवळ नाही, आणि तरीही तो वाक्य पूर्ण करावयास शिकतो.

ह्या कृतीचा सौम्यपणा तिच्या अपूर्ण वाक्यांत आहे असे मी आरंभी म्हटले. आता त्याला एक जोड द्यावयास हवी. अपूर्णता ही तिच्या दृष्टीने अंतिम मूल्य नसून, माणसांना एकमेकांशी पूर्ण वाक्य बोलता येईपर्यंतची मुदत आहे. कुटुंबाने ती मुदत पाळली. भूमीच्या इतिहासाचे वाक्य मात्र अद्याप ‘असून’ वरच थांबलेले आहे.