स्प्रिंगमधली लहर वळते, पण का?

जॉमेट्रिक फेजवर प्रयोगाचा एकच पेपर वाचायचा असेल, तर ‘अ‍ॅनल्स ऑफ फिजिक्स’मधला जेरेमी बुलांजे आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा २०१२ चा पेपर वाचा. मात्र वाचताना हातात पेन्सिल ठेवा.

१९८६ मध्ये तोमिता आणि चिआओ यांनी वेटोळ्याच्या ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश पाठवला. बाहेर येईपर्यंत त्याचं ध्रुवण, म्हणजे कंपनाची दिशा, वळलेली होती. बुलांजे आणि मंडळींनी हाच प्रयोग धातूच्या वेटोळ्यात, स्थितिस्थापक लहरींवर केला.

हिशोब सोपा आहे. लहर पुढे जाते त्या दिशेचा बाण एका गोलाच्या केंद्रावर ठेवा. एका वेढ्यात बाणाचं टोक गोलावर वर्तुळ काढतं. त्या वर्तुळाचा घनकोन म्हणजेच ध्रुवण वळण्याचा कोन. समजा, एका वेढ्याला १०० सेंमी तार लागते आणि तेवढ्यात स्प्रिंग ७५ सेंमी पुढे सरकते. मग कोन येतो ३६०° × (१ − ०.७५) = ९०°. उभी कंपनं आडवी झाली!

या सूत्रात वारंवारता कुठेच नाही, आणि खरी कसोटी तीच. तारेचा छेद जरासा लंबगोल असला तरी ध्रुवण बदलतं, कारण दोन दिशांची कंपनं वेगळ्या वेगाने जातात. पण तो बदल वारंवारतेप्रमाणे कमी-जास्त होतो.

आता माझी शंका. फायबरमध्ये तरंगलांबी वेटोळ्यापेक्षा कितीतरी लहान असते. दिशा हळूहळू बदलते. इथे तरंगलांबी वेटोळ्याच्या त्रिज्येएवढीच आहे. तरी वारंवारतेनुसार दुरुस्ती लागली नाही, म्हणून ही फेज थेट भूमितीतून येते, असा लेखकांचा निष्कर्ष. निकाल मोलाचा आहे, वादच नाही. पण वक्र तारेत वाकण्याच्या लहरी ताणाच्या आणि पिळाच्या लहरींशी जोडल्या जातात. मग त्याचा ठसा इथे का उमटत नाही? भूमिती कोन किती ते सांगते. बाकीचं यंत्रशास्त्र गप्प का, ते सांगत नाही.

तेव्हा ‘भौमितिक’ हा शब्द दिसला की दोन गोष्टी विचारा. वारंवारता बदलली तर काय होतं? आणि अपेक्षित असूनही काय दिसलं नाही? पीएचडीचा विषय शोधत असाल, तर दुसऱ्या प्रश्नापाशी जरा जास्त वेळ थांबा.