ऑर्डेरिक व्हिटॅलिस आणि बेलेमचे घराणे

इंग्लंडमधील नॉर्मन सरदारघराण्यांत माँटगमरी-बेलेम घराण्याइतकी अपकीर्ती क्वचितच कोणाच्या वाट्यास आली असेल. श्रूझबरीचा अर्ल रॉबर्ट बेलेम म्हणजे मूर्तिमंत क्रौर्य, या समजुतीचा उगम बहुतांशी एकाच ग्रंथात सापडतो : सँत एव्हरूल मठातील भिक्षू ऑर्डेरिक व्हिटॅलिस याने लॅटिनमध्ये रचलेला तेरा भागांचा ख्रिस्ती धर्मसंघाचा इतिहास. या ग्रंथाची योग्यता निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो ग्रंथकार या प्रकरणी साक्षीदार की फिर्यादी, हा.

सँत एव्हरूलचा जीर्णोद्धार १०५० मध्ये जिरवा व ग्राँमेनील या घराण्यांनी केला. त्यांपैकी विल्यम जिरवा याचे डोळे बेलेमच्या विल्यम तालव्हासने काढविले होते. तालव्हासची कन्या माबेल हिने शंभर स्वारांनिशी मठात मुक्काम ठोकून भिक्षूंना जेरीस आणले, असे ऑर्डेरिक सांगतो. विषप्रयोगाचा दोषही तिच्यावरच ठेवतो. रॉबर्ट हा तिचा पुत्र. म्हणजे येथे इतिहासलेखनास मठाच्या जुन्या वैराची पार्श्वभूमी आहे.

परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. माबेलचा पती रॉजर माँटगमरी याच्याविषयी हीच लेखणी कमालीची मृदू होते. जिरवांच्या जप्त जमिनींचा लाभ रॉजरलाही झाला होता. तथापि पापाचा सारा भार पत्नीच्या माथी येतो. याचे कारण ऑर्डेरिकच्या चरित्रात आहे. त्याचा पिता ओडेलेरियस रॉजरच्याच सेवेत होता आणि श्रूझबरीच्या मठाच्या स्थापनेत त्याचा हात होता. १०८५ मध्ये, दहाव्या वर्षी, नॉर्मंडीस धाडलेल्या या मुलाने पित्याच्या धन्याचे ऋण मानले आणि मठाचे वैरही पाळले. दोहोंचा मेळ घालण्यास माबेल सोयीची होती.

१०१२ नव्हे, ११०२ च्या आरोपपत्राकडे अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावयास हवे. पहिल्या हेन्रीने रॉबर्टवर ४५ आरोप ठेवले. स्वतः ऑर्डेरिकच्याच म्हणण्याप्रमाणे ते राजा वा त्याचा भाऊ ड्यूक यांच्याविरुद्धच्या कृत्यांचे व उक्तींचे होते. प्रजेच्या छळाचे नव्हे. अरंडेल, ब्रिजनॉर्थ व श्रूझबरी हातची गेली, ती या राजकीय झगड्यात. कॅथलीन टॉम्प्सन यांनी रॉबर्टच्या वर्तनाची संगती वारसाहक्काच्या रक्षणात लावली आहे, ती मला बव्हंशी पटते. मात्र त्यास सर्वस्वी निर्दोष ठरविणे धाडसाचे होईल. कारण सँत एव्हरूलशी संबंध नसलेला हंटिंग्डनचा हेन्रीही त्याच्या क्रौर्याची निंदा करतो.

१११२ मध्ये रॉबर्टला कैद झाली व पुढे त्यास वेअरहॅम येथे ठेवण्यात आले. त्याच्या मृत्यूचा दिवस हंटिंग्डनच्या हेन्रीसही ठाऊक नव्हता. ११३० च्या राजकोषाच्या हिशेबात त्याच्या निर्वाहाचा व वस्त्रांचा खर्च तेवढा नोंदलेला आढळतो.