हवेचा काय दोष?

फेलिनीच्या ‘रोमा’ (१९७२) सिनेमातला मेट्रोचा प्रसंग हॉस्टेलमध्ये लॅपटॉपवर पाहिला तेव्हा मी थक्क झालो होतो. बोगदा खणणारं अजस्र यंत्र भिंत फोडतं. पलीकडे शतकानुशतकं बंद असलेलं रोमन घर, भिंतीभर चित्रं. बाहेरची हवा आत शिरते आणि चित्रं बघता बघता विरून जातात. माणसं हताशपणे पाहत राहतात.

परवा पुन्हा पाहिला, तर राग आला. एवढं सुंदर दृश्य सगळा दोष हवेवर ढकलून मोकळं होतं. यंत्र लावण्याआधी इथे काय आहे ते कुणी का तपासलं नाही, हा प्रश्न ते पडूच देत नाही. आमच्याकडे लाइव्ह गेल्यावर सापडलेल्या बगला कुणी नियती म्हणत नाही. (मी म्हणून पाहिलंय. मॅनेजर ऐकत नाही.)

खऱ्या रोममध्ये मेट्रो ‘सी’चे बोगदे प्राचीन थरांच्या खालून नेले. अडचण स्टेशनांची, कारण ती वरपासून खालपर्यंत सगळे थर कापत जातात. म्हणून तिथे आधी भोकं पाडून मातीचे नमुने काढायचे, मग पुरातत्त्वज्ञांनी एकेक थर हातानं उकरायचा. वर्षं जातात, खर्च फुगतो, लोक वैतागतात. पण २०१८मध्ये सुरू झालेल्या सान जोव्हानी स्टेशनात जिने उतरताना भिंतीवर त्या त्या थराचा काळ लिहिलेला दिसतो. काचेआड रोमन शेतातल्या पीचच्या कोया ठेवल्यात.

कोयांवर सिनेमा निघत नाही, मान्य. फेलिनीला हरवणंच दाखवायचं होतं, आणि ते त्यानं अप्रतिम दाखवलं. मला पडद्यावर नमुने काढणारा तो कंटाळलेला माणूसही हवा होता.