व्हिक्टोरियन कादंबरी आणि धारवाडचा मुलगा

गेली काही वर्षे मी तळेगाव ढमढेरे येथे बी. ए.च्या वर्गाला इंग्रजी वाङ्मय शिकवतो. तासिका तत्त्वावर शिकवतो, हेही सांगितले पाहिजे. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील गवंड्याच्या हाताखाली बिगारी होते. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाई. समोर बसणारी मुलेही बहुतेक अशाच घरांतली आहेत. काहीजण सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांत रात्रपाळी करून तांबारलेल्या डोळ्यांनी तासाला येतात. या वर्गाला व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्या का शिकवायच्या, हा प्रश्न मी टाळत आलो होतो. एका विद्यार्थिनीने तो टाळू दिला नाही.

टॉमस हार्डीची ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (१८९५) मी वर्गात सांगत होतो. ज्यूड हा खेड्यातला पोरका मुलगा. पावाची गाडी हाकता हाकता तो लॅटिन शिकतो, पुढे पाथरवटाचा धंदा धरतो आणि क्राइस्टमिन्स्टर या विद्यानगरीत येतो. तिथल्या कॉलेजांच्या भिंतींचे दगड तो घडवतो. त्या भिंतींच्या आत मात्र त्याला जाता येत नाही. कॉलेजांच्या प्रमुखांना तो पत्रे लिहितो. उत्तर एकाचेच येते : तू कामगार आहेस, तेव्हा आपल्या धंद्यातच राहिलास तर तुझे भले होईल. इथवर आलो आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, त्याला घेतलं नाही, म्हणजे त्याची जात कोणती होती?”

वर्ग हसला. मला हसू आले नाही. एका मुलाखतीत मलाही विचारले गेले होते, “तुम्ही इंग्रजी कशाला घेतलंत? तुमच्या विषयात काही करायचं होतं.” ‘तुमचा विषय’ म्हणजे कोणता, हे विचारणाऱ्याला ठाऊक होते आणि मलाही.

ज्यूडला जात नव्हती, असे उत्तर देऊन मी त्या दिवशी तास संपवला. ते उत्तर बरोबर होते. पण अपुरे होते. या लेखात ते पुरे करण्याचा प्रयत्न आहे.

व्हिक्टोरियन कादंबरीचा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही. गिरणी, धूर, कर्ज, तुरुंग, पोरकी मुले, घरात कोंडलेली स्त्री हे सर्व तिने पांढरपेशा वाचकाच्या दिवाणखान्यात आणून ठेवले. डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) आमच्या मुलांना लगेच कळते. माणसाला आकड्यात मोजणारा मालक त्यांनी कालच्या पाळीत पाहिलेला असतो. एलिझाबेथ गॅस्केलने ‘मेरी बार्टन’मध्ये (१८४८) मँचेस्टरच्या कामगाराचे घर आतून दाखवले, हेही थोडे काम नव्हे.

पण ही कादंबरी प्रश्न मांडते रस्त्यावर आणि सोडवते घरात. शेवटी वारसा निघतो, लग्न होते, दयाळू गृहस्थ भेटतो. मुलगा गुणी निघाला की व्यवस्था निर्दोष सुटते. जेन एअरला मदीरातल्या चुलत्याचे वीस हजार पौंड मिळतात. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधल्या (१८६०-६१) पिपला सभ्य गृहस्थ करणारा पैसा हद्दपार केलेल्या कैद्याने ऑस्ट्रेलियात कमावलेला असतो. रॉचेस्टरची पहिली बायको जमैकाची. ती माळ्यावर कोंडलेली आहे आणि तिची बाजू तिच्या तोंडून कधीच ऐकू येत नाही. साम्राज्य या कादंबऱ्यांना पैसा पुरवते आणि नको असलेली माणसे स्वीकारते. स्वतः मात्र पडद्याआड राहते. डिकन्सला पिपचा पैसा बोचतो, हे मान्य करावे लागेल. म्हणूनच ती कादंबरी इतरांहून मोठी आहे.

हार्डीने हा सौदा मोडला. त्याच्या ज्यूडला ना वारसा मिळतो, ना दयाळू गृहस्थ. त्याची मुले मरतात. बाहेर विद्यानगरीचा उत्सव चालला असताना तो एकटा मरतो. हार्डी स्वतः गवंड्याचा मुलगा होता आणि विद्यापीठाचे तोंड त्यालाही पाहायला मिळाले नव्हते. या पुस्तकावर एवढा गहजब झाला की त्यानंतर त्याने नवी कादंबरी लिहिली नाही. तो कवितेकडे वळला. व्हिक्टोरियन कादंबरीचा शेवट आणि आधुनिकतेचा आरंभ मला इथे दिसतो. गुणी माणसाला न्याय मिळतोच, हा विश्वास इथे संपला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. हार्डीच्या ज्यूडच्या ३९ वर्षे आधी आपल्याकडे एक ज्यूड होऊन गेला. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. कारण असे दिले, की एकाला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल. पुढे सरकारी शाळा सर्वांना खुल्या हे तत्त्व वरून मान्य झाले. पण तत्त्व आणि वर्गातला बाक यांत फार अंतर राहिले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनसाठी केलेल्या शिक्षणविषयक निवेदनात हे प्रकरण नोंदवले आहे.

दोन्ही नकार शेजारी ठेवून पाहा. ज्यूडला सांगितले गेले, तू आपल्या जागी बरा आहेस. धारवाडच्या मुलाला सांगितले गेले, तुझ्या असण्यानेच ही जागा बिघडेल. पहिला नकार वर्गाचा आहे, दुसरा वर्णाचा. क्राइस्टमिन्स्टरच्या गुत्त्यात ज्यूड विद्यार्थ्यांसमोर लॅटिन म्हणून दाखवतो आणि ते त्याला दारू पाजतात. त्याच्या स्पर्शाने पेला बाटत नाही. शोषितांचे दुःख सगळीकडे सारखेच, असे आमचे काही पुरोगामी मित्र म्हणतात. त्यांनी हा पेला विसरू नये.

धारवाडच्या मुलाची कादंबरी कुणी लिहिली? १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ निघाली. मराठीतली पहिली सामाजिक कादंबरी म्हणून आपण तिचे नाव घेतो. विषय विधवांचे दुःख. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’मधून क्रमशः आली. यमूच्या तोंडून सांगितलेली ती कहाणी, तिचे ते सक्तीचे केशवपन, आजही अंगावर येते. हरिभाऊंनी इंग्रजी कादंबरीकडून वास्तवाची दृष्टी घेतली आणि आपल्या समाजाच्या जखमेवर नेमकी ठेवली. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ती जखम वाड्याच्या आतली होती. त्या उंबऱ्याबाहेर जे होते, तो या कादंबरीचा विषय नव्हता. त्याच सुमारास गोपाळबाबा वलंगकर ‘विटाळ विध्वंसन’ (१८८८) लिहीत होते आणि महारांना लष्कराचे दरवाजे बंद होत होते. आमच्या तालुक्यातल्याच कोरेगाव भीमाच्या जयस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. दगडावर जी नावे होती, त्यांना कादंबरीत जागा मिळाली नाही.

याचा अर्थ आमच्याकडे लेखन नव्हते असा नाही. ‘यमुनापर्यटन’च्या दोन वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता ही मांग समाजातली मुलगी ‘ज्ञानोदय’मध्ये महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिते. १८८२ मध्ये जोतीराव हंटर कमिशनपुढे विचारतात, शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो? पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते शेतकऱ्याच्या घराचे असे वर्णन करतात की कुठल्याही वास्तववादी कादंबरीकाराने शिकावे. आमचे व्हिक्टोरियन वाङ्मय निबंधात, निवेदनात, अर्जात आहे. वाङ्मयेतिहासकार ‘ललित’ शोधत बसले. त्यांना ते दिसले नाही.

आणि आधुनिकता? क्रमिक पुस्तक सांगते की कादंबरी बाहेरून आत वळली, म्हणजे जॉइस आणि व्हर्जिनिया वुल्फ. मराठीत मग मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) आणि नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) यांची नावे घ्यायची. घ्यावीत. पण त्याच १९६३ साली बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. ज्याला दारातून परत पाठवले, तोच आता सांगणारा झाला. निवेदक बदलला आणि त्याबरोबर न्यायाधीशही बदलला. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘जिणं आमुचं’ (१९८६) ही त्याच वळणाची पुढची पावले. मनाच्या तळाशी जाणे ही आधुनिकता खरीच. परंतु तळाशी कोणाचे मन आहे, हेही विचारावे लागते.

इथे आपल्यालाही काही कठोर विचारावे लागेल. आज लिहिल्या जाणाऱ्या आमच्या आत्मकथनांतली काही शेवटी कुठे पोचतात? नोकरी, शहरातला फ्लॅट, सत्कार. पोरका मुलगा गुणी निघाला आणि त्याला न्याय मिळाला! हा व्हिक्टोरियन शेवट आपण नकळत परत आणला आहे. वारशाच्या जागी नेमणुकीचे पत्र आले, एवढाच फरक. ज्याला ते पत्र आले नाही, त्याचे काय? माझ्या वर्गातला रात्रपाळीचा मुलगा कंत्राटी आहे. त्याला शिकवणारा मी तासावर आहे. आमच्या दोघांच्या गोष्टीला असा शेवट लावणे खोटे होईल.

पुढच्या तासाला मी त्या मुलीला धारवाडची हकीकत सांगितली. तिने वहीत साल लिहून घेतले. मग विचारले, “त्या मुलाचं नाव काय होतं, सर?”

मी गप्प राहिलो. मग म्हणालो, “तूच त्याची गोष्ट लिही. नाव तुझ्या मनाचं दे.” परीक्षेच्या दृष्टीने ते उत्तर निरुपयोगी आहे. पण व्हिक्टोरियन कादंबरी या वर्गाला का शिकवायची, याचे माझ्यापाशी आता एवढे एकच उत्तर आहे : ज्यूड वाचून झाल्यावर आपला मुलगा कुठे आहे, असे कुणीतरी विचारावे म्हणून.