उपकरणांचा सातबारा : संगणक-कर्नलमधील ‘डिव्हाइस ट्री’ संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा होय. प्रत्यक्ष उपकरणांशी व्यवहार करणारा त्याचा भाग म्हणजे ड्रायव्हर. मात्र आपल्यासमोर कोणते उपकरण आहे, ते कोणत्या पत्त्यावर आहे, त्याला कोणती इंटरप्ट लाइन व कोणता वीजपुरवठा जोडलेला आहे, हे ड्रायव्हरला कोणीतरी सांगावे लागते. प्रोसेस, शेड्युलिंग, मेमरी व्यवस्थापन यांचे अध्यापन आपल्या महाविद्यालयांत तपशिलाने होते. हे ‘सांगणे’ मात्र सहसा दुर्लक्षित राहते. त्यासाठी रूढ झालेल्या ‘डिव्हाइस ट्री’ या पद्धतीचे गुणदोष प्रस्तुत लेखात तपासले आहेत.

वर्णनाची गरज

काही उपकरणे आपली ओळख स्वतः देतात. पीसीआय बसवरील प्रत्येक कार्डात उत्पादकाचा आणि उपकरणाचा असे प्रत्येकी १६ बिटांचे दोन क्रमांक असतात. कर्नल ते वाचतो आणि योग्य ड्रायव्हर निवडतो. यूएसबी उपकरणांचेही तसेच आहे. परंतु लहान बोर्डांवर सर्रास आढळणाऱ्या आय-टू-सी बसवर अशी सोय नाही. समजा, नागभीड तालुक्यातील घोडाझरी तलावाच्या पातळीची नोंद ठेवण्यासाठी विद्यार्थ्यांनी एका बोर्डाला डीएस३२३१ हे घड्याळ जोडले. त्याचा पत्ता षोडशमान पद्धतीत ६८ आहे. एमपीयू६०५० या गतिसंवेदकाचा मूळ पत्ताही ६८च आहे. केवळ पत्त्यावरून समोर घड्याळ आहे की गतिसंवेदक, हे कर्नलला कळणे शक्य नाही. ते लेखी सांगावेच लागते.

डिव्हाइस ट्रीमध्ये हे वर्णन वृक्षाच्या रूपात केले जाते. प्रत्येक उपकरणाचा एक नोड असतो आणि त्यात पत्ता, इंटरप्ट इत्यादी गुणधर्म नोंदवलेले असतात. त्यांपैकी ‘कम्पॅटिबल’ हा गुणधर्म निर्णायक ठरतो. त्यातील उत्पादकाचे व प्रतिकृतीचे नाव ड्रायव्हरच्या यादीतील नावाशी जुळले, की ड्रायव्हर ते उपकरण हाती घेतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ही कल्पना नवी नाही. सन कंपनीच्या संगणकांतील ओपनबूट या फर्मवेअरमधून ती विकसित झाली आणि १९९४ मध्ये आयईईई १२७५ या मानकात ग्रथित झाली. महाराष्ट्राचाही तिच्याशी संबंध आला. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९८ मध्ये उभारलेला परम १०००० हा महासंगणक सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर आधारलेला होता. अशा यंत्रांत फर्मवेअर स्वतः वृक्ष तयार करून सोलॅरिस कर्नलच्या हाती देत असे. म्हणजेच वर्णन यंत्राजवळ असे. कर्नल केवळ त्याचा वाचक होता.

एआरएम प्रोसेसरांच्या जगात मात्र दीर्घकाळ याच्या उलट घडले. प्रत्येक बोर्डाचे वर्णन लिनक्स कर्नलमध्येच सी भाषेत लिहिले जाई. बोर्ड नवा, की कोडही नवा. या वाढत्या पसाऱ्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये कठोर टीका केली आणि त्यानंतर एआरएमनेही डिव्हाइस ट्रीचा मार्ग वेगाने स्वीकारला. कोडमध्ये विखुरलेली माहिती वाचनीय मजकुरात आली आणि एकच कर्नल अनेक बोर्डांवर चालू लागला. या पद्धतीचे हे यश निर्विवाद आहे.

चिकित्सा

तथापि या यशाला तीन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा वर्णनाच्या निवासाची आहे. लिनक्समध्ये ही वर्णने बहुतांशी कर्नलच्याच उगमसंहितेत ठेवली जातात. जुन्या वर्णनावर नवा कर्नल चालावा, असे तत्त्व मान्य आहे. पण ड्रायव्हरमधील बदलाबरोबर वर्णनही बदलण्याचा मोह प्रत्येक वेळी आवरला जातोच असे नाही. यंत्राचा दस्तऐवज अशा वेळी ड्रायव्हरच्या सोयीचे टिपण बनतो.

दुसरी मर्यादा सरमिसळीची आहे. सातबारा उताऱ्यात नमुना सात जमिनीचे क्षेत्र व अधिकार सांगतो, तर नमुना बारा त्या हंगामातील पीक. दोन्ही एका कागदावर असले तरी त्यांची जात वेगळी. डिव्हाइस ट्रीने ‘सात’ सांगावा, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ‘चोझन’ नोडमध्ये कर्नलला द्यावयाच्या आज्ञाही येतात आणि अन्य नोडांतही वापरकर्त्याच्या पसंतीचे पर्याय शिरतात. जमिनीच्या नोंदीत पीकपाणी मिसळावे, तसा हा प्रकार आहे.

तिसरी मर्यादा सत्यतेची आहे. आराखड्याच्या आधारे वर्णन तपासणारी साधने आता उपलब्ध आहेत. परंतु ती वर्णनाचे रूप तपासतात, वस्तुस्थिती नव्हे. एखाद्या व्होल्टेज नियामकाची कमाल मर्यादा चुकीची लिहिली, तर वर्णन नियमानुसार शुद्ध ठरेल आणि बोर्डाला मात्र इजा पोहोचू शकेल. उतारा बिनचूक दिसला तरी मोजणी टळत नाही.

यावर एसीपीआय हा पर्याय सुचवला जातो. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी तो १९९६ मध्ये मांडला. त्यात वर्णन उत्पादक देतो आणि ते फर्मवेअरमध्ये राहते; त्यामुळे पहिली मर्यादा बऱ्याच अंशी दूर होते. पण त्या वर्णनात कर्नलने चालवावयाचा संकेतही असतो आणि त्यातील दोष सामान्य वापरकर्त्याला सहजासहजी दुरुस्त करता येत नाही. डिव्हाइस ट्रीचा साधा मजकूर वाचता येतो, दुरुस्त करता येतो, शिकवता येतो. रास्पबेरी पाय संस्थेने २०१४ मध्ये जोडबोर्डांसाठी सुचवलेली रीत यादृष्टीने लक्षणीय आहे. तीत जोडबोर्डावरील छोट्या स्मृतिचिपमध्येच त्याच्या वर्णनाचा तुकडा साठवता येतो. वर्णन पुन्हा वस्तूजवळ आले आणि खुलेही राहिले.

निष्कर्ष

वर्णन यंत्राचे असावे, ड्रायव्हरचे नव्हे, हा डिव्हाइस ट्रीचा मूळ विचार आजही ग्राह्य आहे. उणेपणा आहे तो त्याच्या पालनात. हा प्रश्न केवळ कर्नल लिहिणाऱ्यांचा नाही. उत्पादकाने पाठ फिरवलेला बोर्ड ग्रामीण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणखी काही वर्षे चालेल की भंगारात जाईल, हे पुष्कळदा त्याचे वर्णन खुल्या मजकुरात उपलब्ध आहे की नाही यावर ठरते. नवी यंत्रे वारंवार घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रात्यक्षिकांत एखाद्या बोर्डाचे वर्णन वाचणे, ते प्रत्यक्ष जोडणीशी पडताळणे आणि त्यात एका उपकरणाची भर घालणे एवढा भाग तरी समाविष्ट व्हावा. त्यासाठी महाग साधनसामग्री लागत नाही. एक लहान बोर्ड आणि एक घड्याळ-चिप पुरेशी आहे.