पत्र्याच्या डब्यातला आवाज

'पब्लिक इमेज लिमिटेड' या ब्रिटिश बँडचा 'मेटल बॉक्स' हा दुसरा संग्रह नोव्हेंबर १९७९ मध्ये आला, तो चित्रपटाची रिळे ठेवतात तशा गोल धातूच्या डब्यात. आत १२ इंची तीन तबकड्या, ४५ च्या गतीने वाजणाऱ्या. त्या इतक्या घट्ट बसवल्या होत्या की काढताना ओरखडा उठायची धास्ती वाटावी. गती जास्त असल्याने एका बाजूला थोडाच मजकूर मावतो, पण खाचा ऐसपैस राहतात आणि खर्जातला बास भक्कम उमटतो. या संग्रहात सगळा डोलारा बासवरच उभा आहे.

जॉन लायडनचे 'सेक्स पिस्टल्स' जानेवारी १९७८ मध्ये मोडले. नव्या बँडमध्ये त्याने बासवर जाह वॉबलला आणि गिटारवर 'द क्लॅश'च्या सुरुवातीच्या दिवसांत असलेल्या कीथ लेव्हिनला घेतले. वॉबलचे कान जमैकाच्या डब संगीतावर पोसलेले, तर लेव्हिनची गिटार पत्रा कापल्यासारखी. अशा बँडने सिंथेसायझर आणला तर श्रोत्याला शंका येणारच. त्याच वर्षी गॅरी न्यूमनचे सिंथेसायझरवरचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. हे वाद्य तेव्हा गुळगुळीत यशाकडे निघालेले होते. पंकचा राग यंत्राने बोथट केला, ही तक्रार पुढे अनेक बँडांबाबत झाली आणि काहींच्या बाबतीत ती खरीही होती.

'मेटल बॉक्स'ला ती का लागू पडत नाही, हे 'करीअरिंग' ऐकताना कळते. या गाण्यात लेव्हिन गिटार बाजूला ठेवून प्रॉफेट ५ वाजवतो. वॉबल मोजक्या स्वरांत घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. प्रॉफेटचा आवाज त्याला आधार देत नाही. आपल्या कानाला खाली सतत धरलेला स्वर म्हटला की तंबोरा आठवतो, त्याच्यावर गायकाने निर्धास्त टेकावे. इथे स्वर डोक्यावरून येतो, घिरट्या घालतो, निघून जातो. गाण्याला उत्तर आयर्लंडमधल्या हिंसेचा संदर्भ आहे. लायडनचे आईवडील आयरिश, त्यामुळे हा विषय त्याला परका नव्हता.

माझा मुद्दा हाताचा आहे. गिटार कितीही कर्कश असली तरी तिच्यात बोटांचे कष्ट ऐकू येतात. तार दाबणारा, चुकणारा, दमणारा माणूस कळतो. सिंथेसायझरची पट्टी दाबून धरली की आवाज दमत नाही. 'करीअरिंग'मधली दहशत या न दमण्यातून येते. हिंसा चालू आहे आणि ती करणारा हात दिसत नाही. गिटारने हे साधले नसते, तिने फार तर आरडाओरडा केला असता.

उलट बाजूही लेव्हिनला ठाऊक होती. लायडनच्या आईच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूवरचे गाणे ('डेथ डिस्को' म्हणून ते आधी स्वतंत्र तबकडीवर आले, इथे त्याचे नाव 'स्वान लेक') त्याने गिटारवरच ठेवले. चायकोव्हस्कीची सुरावट तो तारांवरून अक्षरशः खरवडत नेतो. तिथे हात ऐकू यायलाच हवा होता.

शेवटच्या 'रेडिओ ४'मध्ये लायडनचा आवाज नाही. कृत्रिम तंतुवाद्यांचे थर एकावर एक येत राहतात. तासाभराच्या खरखरीनंतर काहींना तो विसावा वाटतो. मला ते माणसे निघून गेल्यावर चालू राहिलेल्या यंत्रासारखे वाटते, आणि गोड असल्यामुळेच अधिक अस्वस्थ करते.

१९८० मध्ये हेच संगीत 'सेकंड एडिशन' या नावाने साध्या जाड पुठ्ठ्यात, दोन तबकड्यांवर पुन्हा आले. वॉबल त्याच वर्षी बाहेर पडला. १९८१ च्या 'द फ्लॉवर्स ऑफ रोमान्स'मध्ये बास जवळजवळ नाहीच. ढोल आहेत, लायडनचा टाहो आहे. ती धाडसी तबकडी आहे, पण घिरट्या घालणाऱ्या आवाजाला खाली जमीन उरली नव्हती.