जुन्या आवाजाचा जीर्णोद्धार

जुन्या ध्वनिमुद्रिकांस नवा उजाळा देऊन त्या पुन्हां बाजारांत आणण्याची प्रथा आतां चांगलीच रूढ झाली आहे. उजाळा देतांना कित्येकदां मूळचें पाणीहि उतरतें. म्हणून २००४ सालीं निघालेला 'एल्विस अ‍ॅट सन' हा संग्रह पुन्हां ऐकावयास घेतांना आमचें मन साशंकच होतें.

एल्विस प्रेस्ले यानें मेम्फिस येथील सॅम फिलिप्सच्या 'सन' कंपनीसाठीं १९५४-५५ मध्यें गाइलेलीं हीं गाणीं. कृष्णवर्णीयांचे 'ब्लूज' आणि गोऱ्या खेडुतांचें 'कंट्री' संगीत यांच्या संगमांतून 'रॉकॅबिली' जन्मास आली. प्रेस्लेच्या पहिल्या तबकडीच्या एका बाजूस आर्थर क्रूडपचें 'दॅट्स ऑल राइट', तर दुसरीस बिल मन्रोचें 'ब्लू मून ऑफ केंटकी' आहे, यावरून हा संगम सहज ध्यानीं येईल.

१९५५ च्या अखेरीस आर. सी. ए. कंपनीनें प्रेस्लेस व या गाण्यांस आपल्याकडे घेतलें. पुढें स्टीरिओचें वेड पसरतांच यांपैकीं कांहीं एकपदरी गाण्यांस यंत्रयुक्तीनें कृत्रिम दुपदरी रूप देण्यांत आलें, आणि गायक रिकाम्या गोदामांत उभा असल्याचा भास होऊं लागला. प्रस्तुत आवृत्तींत ही उसनी भर नाहीं. मात्र फिलिप्सनें दुसऱ्या ध्वनिफीत-यंत्राच्या साह्यानें साधलेला तोकडा, चटकन् परतणारा प्रतिध्वनि जसाच्या तसा राखला आहे. मळ कोणता आणि मूळ कोणतें, हें जाणण्याचा विवेक येथें दिसतो.

त्याचें फळ मोठें आहे. आरंभींच्या या गाण्यांत ड्रम वाजविणारा कोणीच नाहीं. बिल ब्लॅक आपल्या उभ्या बेसच्या तारा ओढून त्या लांकडावर आपटूं देतो, आणि त्या थापेवरच ताल उभा राहतो. पूर्वीं ही थाप आम्हांस निव्वळ घरघर वाटे. आतां ती स्पष्ट ऐकूं येते. स्कॉटी मूरची गिटार गायकास कोठें उत्तर देते आणि कोठें वाट करून देते, हेंहि उमगतें. एकट्या तरुणाचा पराक्रम म्हणून जें गाजलें तें तिघांचें काम होतें, अशी आमची खात्री पटली.

परंतु स्वच्छता निःपक्षपाती असते. 'हार्बर लाइट्स' अथवा 'आय लव्ह यू बिकॉज' यांसारख्या संथ गाण्यांतील अनुकरण व अवघडलेपणा आतां अधिकच उघडा पडतो. दुबळें गाणें शुद्धीकरणानें सबळ होत नाहीं. तथापि गायक चांचपडत असतां स्वतःचा आवाज कसा सांपडतो, हें ऐकण्याचें समाधान या दोषांमुळेंच लाभतें. ज्यांनीं हीं गाणीं केवळ घासलेल्या तबकड्यांवरून ऐकलीं असतील, त्यांनीं हा संग्रह अवश्य ऐकावा.